सारवलेल्या भिंतीची शाळा

माझ्याबरोबर पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं, छापील तक्त्यांचे दोन गठ्ठे, सेकंदकाटा असलेलं एक घड्याळ आणि पेन्सिली. खर्डीला उतरले तर स्टेशनात हमाल कोणी दिसेना. थोडा वेळ वाट पाहिली आणि मग पेटी सरळ डोक्यावर घेतली. पुण्यात हे धाडस मी केलं नसतं. इथे वळून बघायलासुद्धा कोणी नव्हतं.

मुंबई राज्याचे दोन भाग होऊन महाराष्ट्र झाला, त्यानंतरचा दुसरा हिवाळा होता तो. मी पुण्यात एका अध्यापिका विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवत होते. ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीतली वाड्यांवरची मुलं दुसरी-तिसरीतच का मागे पडतात, गावातल्या मुलांच्या बरोबरीने ती का येत नाहीत, हे तपासण्याचं काम आमच्या विद्यालयाकडे आलं होतं. त्यासाठी जी चाचणी करायची, ती मीच दोन सहकाऱ्यांच्या मदतीने तयार केली होती. पुण्यातल्या चार शाळांत ती वापरून पाहिली होती आणि तिथली मुलं भराभर उत्तरं देत होती. मला तिचा अभिमान वाटत असे, हे आधीच कबूल करते.

शहापूर आणि मुरबाड हे तालुके पुण्यामुंबईच्या माणसाला नकाशावर दाखवता येतील, पण तिथे मुद्दाम जाऊन राहिलेला माणूस क्वचितच भेटेल. म्हणून जे पाहिलं ते लिहिते. यात माझी फुशारकी काही नाही, ते पुढे दिसेलच.

वरची वाडी

हरड गुरुजी मला न्यायला आले ते अर्ध्या वाटेवर भेटले. पस्तिशीचे, काळेसावळे, धोतर गुडघ्यापर्यंत ओढून घेतलेलं, पायात काही नाही. मुरबाडकडच्या कुणबी शेतकऱ्याचा हा मुलगा, सात वर्षं या एकशिक्षकी शाळेवर होता. डोक्यावरची पेटी बघून ते ओशाळले.

"बाई, आमी येतच होतो. भिंत सारवत होतो शाळेची, म्हून उशीर झाला."

माझ्यासाठी शाळा सारवली, हे ऐकून मला बरं वाटलं.

वाट भाताच्या कापलेल्या खाचरांतून आणि मग सागाच्या रानातून चढत होती. दक्षिणेला माहुलीचे सुळके उन्हात निळे दिसत होते. तासाभराने वाडी आली. कारवीच्या कुडाची, शेणाने लिंपलेली वीस-बावीस घरं, सगळी ठाकरांची. जमीन बहुतेकांना नाही. पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात लावणी, बाकीचे महिने जंगलखात्याची कूप, म्हणजे ठरवून दिलेल्या पट्ट्यातली झाडतोड, नाहीतर लाकूडफाटा. शाळा म्हणजे एक मोठी खोली, वर कौलं. मागच्या भिंतीला ओल्या शेणाचा वास येत होता.

आमच्याकडे पाहुणा आला की दारातच "या, या, बसा" सुरू होतं. इथे कोणी काही बोललं नाही. एका बाईने अंगणातल्या घोंगडीवरचं आपलं सूप बाजूला सरकवलं, आणि ती जागा माझी झाली. ही बुधी आगिवले. चाळिशीची, उंच, आवाज खणखणीत. गुरुजींनी माझी राहण्याची सोय तिच्या घरी केली होती.

"तू कुठली गो?" तिने विचारलं.

मला एकेरीत हाक मारणारं माझी आई गेल्यापासून कोणी उरलं नव्हतं. क्षणभर ते कानाला लागलं. दोन दिवसांत त्याची इतकी सवय झाली, की पुढे शहापूरला कोणी 'आपण बसा' म्हणालं ते परकं वाटलं.

रात्री नाचणीची भाकरी आणि वालाचं कालवण जेवले. शेजारी सुकट भाजत होते. माझ्या घरी मासळी नाही, तो वास मला सोसेना; बुधीने ते ओळखून माझं ताट आपण होऊन दाराशी वाऱ्यावर नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी सुरू केली. एकेका मुलाला खोलीत बोलवायचं, चित्र दाखवायचं, घड्याळ लावायचं. सगळ्यात आधी आली बुधीची मुलगी सोमी. नऊ-दहा वर्षांची, तिसरीत. केसांना करंजाचं तेल चोपडून आली होती.

आंबा, केळं, द्राक्षं आणि बटाटा अशी चार चित्रं होती. यातलं वेगळं कोणतं?

"आंबा," ती लगेच म्हणाली.

उत्तर 'बटाटा' असायला हवं होतं. मी तक्त्यावर फुली मारली. नियमाप्रमाणे कारण विचारायचं नव्हतं, विचारलंही नाही.

पुढचं चित्र 'काय चुकलं ते सांगा' यातलं होतं. लख्ख ऊन पडलंय आणि एक माणूस छत्री उघडून चाललाय. सोमी बराच वेळ बघत राहिली.

"काय चुकलं?"

"काय नाय. जंगलचं साहेब हाय."

फुली.

"आई सकाळी उठल्यावर आधी काय करते?" याला चहा, सडा, पूजा, स्वयंपाक यांपैकी काहीही चाललं असतं. ती म्हणाली, "जाते." कुठे, ते तक्त्याच्या रकान्यात बसण्यासारखं नव्हतं. फुली.

मग वाचन. 'माळी बागेतील फुलझाडांना पाणी घालतो.' अक्षर अक्षर लावून तिने ते वाचलं, धापा टाकल्यासारखं. मग मान वर करून विचारलं, "ह्याच्या घरात पाणी कोण आणतं?"

"वाच पुढे," मी म्हटलं.

शेवटी शेऱ्याचा रकाना होता. त्यात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'ग्रहणशक्ती मंद.' संध्याकाळपर्यंत एकोणीस मुलं झाली. सोळांच्या पुढे तेच तीन-चार शब्द थोडे मागेपुढे करून लिहिले आणि सह्या केल्या.

भिंत

तिसऱ्या दिवशी रविवार होता. बुधी आणि सोमी करांदे काढायला निघाल्या, मीही गेले. करांदे म्हणजे रानातले कडू कंद. वाटेत एका वेलावर तपकिरी मखमलीसारख्या शेंगा लोंबत होत्या. इतक्या सुंदर, की मी हात लावला.

"अगो अगो!" सोमी ओरडली, पण तोवर उशीर झाला होता. ती खाजकुयली होती. हात, मान, कान पेटल्यासारखे झाले. मी रानात उभी राहून पुणेरी शिष्टाचार विसरून खाजवत होते आणि त्या दोघी हसून हसून खाली बसल्या. मग बुधीने ओलं शेण माझ्या हातापासून मानेपर्यंत थापलं.

"एवढी मोठी बाई आणि कुयली नाय ठावी?" सोमी म्हणाली. तिने मला मग एकेक पान दाखवून विचारायला सुरुवात केली. हे कशाचं? हे? मला एकही आलं नाही. सागाचं पानसुद्धा मी ऐनाचं समजले. तिने माझी कीव करून सगळी नावं सांगितली आणि पुन्हा विचारली. दुसऱ्यांदा मला तीन आली.

कंद खणताना बुधी बोलत होती. हे असेच खाल्ले तर माणूस मरतो. पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या, सकाळी काढायच्या, आणि आधी मोठ्या माणसाने एक चकती खाऊन बघायची. सोमीने हे सगळं क्रमाने, बोटांवर मोजत, न चुकता सांगितलं. राख किती घालायची तेही सांगितलं, आणि राख कमी पडली तर पाणी किती वेळ जास्त, तेही. मी दगडावर बसून ऐकत होते. हिच्यापुढे मी 'मंद' लिहिलं होतं.

"सोमे," मी विचारलं, "काल त्या चित्रात आंबा वेगळा का म्हणालीस?"

"आंबा आपला हाय. बाकीचा बाजारात मिळतो."

दुपारी मी गुरुजींकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. ते शाळेच्या पडवीत बसले होते. ऐकून घेतलं, उठले, पाण्याची बादली घेतली आणि आत जाऊन मागच्या भिंतीवरचं शेण हाताने ओलं करून खरवडायला लागले. शेणाखाली कोळशाने लिहिलेली अक्षरं होती. दोन ओळी समोरासमोर. एका बाजूला मुलांच्या घरचे शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातले. नाय, नाही. आय, आई. झाडांची, माशांची, हत्यारांची नावं. त्यांतल्या काहींच्या समोर जागा मोकळीच, कारण पुस्तकात त्यांना शब्दच नव्हता.

"आधी त्यांचा शब्द लिवतो," गुरुजी म्हणाले. "तो त्यांना वाचाया येतो, कारन तो ठावा असतो. मग म्हनतो, हाच शब्द पुस्तकात असा लिवत्यात. पोरं पळून जात नायत मग. सात वर्सात यातली चार पोरं चौथी झाली बाई. ह्या वाडीतली पैलीच."

"मग भिंत सारवता कशाला?"

ते कसनुसं हसले. "तपासनीला कोन आलं का सारवतो. मागं एक साहेब आले होते, ते म्हनले, शाळेत अशुद्ध लिवता? पगारवाढ थांबली माझी. तुमी येनार कळलं, म्हून..."

त्यांच्या हाताला शेण होतं, ते त्यांनी धोतराला पुसलं. पुण्याहून ज्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी पेटी घेऊन आले होते, ते उत्तर माझ्याच भीतीने लिंपून टाकलं होतं.

दुसरी चाचणी

पुढचे पाच दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. मी, गुरुजी आणि बुधी, आम्ही तिघांनी मिळून नवी चाचणी केली. अवघडपणा तेवढाच ठेवला. क्रम लावणे होतं, वेगळं ओळखणे होतं, हिशोब होता, वाचन होतं. फक्त त्यातल्या वस्तू इथल्या. माझी चित्रकला बेताची, मोहाचं पान काढलं तर सोमी म्हणाली, "ह्यो कान हाय कुनाचा?" शेवटी पानं खरीच आणून ठेवली.

वाचनासाठी गुरुजींनी बुधीच्या सकाळवर सहा ओळी लिहिल्या. पहिल्या तीन घरच्या बोलीत, पुढच्या तीन पुस्तकी भाषेत. 'आय पाटंचं उठते. वड्यातनं करांदं काढते.' सोमीने ते सरळ वाचत नेलं, धाप नाही, थांबणं नाही. आणि चौथ्या ओळीपासून भाषा बदलली तेही तिच्या लक्षात आलं नाही, ती त्याच लयीत पुढे गेली. वाचून झाल्यावर ती कागदाकडे बघत बसली. मग पळत सुटली आणि आईला हाताला धरून घेऊन आली.

"आय, तू कागदात हायेस!"

बुधीचा चेहरा उतरला. "कागदात? कशाला? मी काय केलं?"

या वाडीत कागदात नाव जाणं म्हणजे जंगलखात्याची केस. तिला समजावून सांगायला वेळ लागला. मग सोमीने तिला तो कागद तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा बुधी म्हणाली, "करांद्याला राख घातलीच नाय ह्यात. लोकं मरतील." गुरुजींनी राखेची ओळ घातली.

एकोणिसांपैकी पंधरा मुलं त्या चाचणीत पास झाली. सोमी पहिली आली. मी दोन वह्या भरून सगळं लिहून काढलं, कारणांसह. झोपताना मला पुस्तक दिसायला लागलं होतं: वाड्यांसाठी पहिलीचं वेगळं पुस्तक, घरच्या शब्दापासून निघून चौथीपर्यंत सगळ्यांच्या पुस्तकाला येऊन मिळणारं. मी गुरुजींना म्हटलंसुद्धा, "आता भिंत सारवू नका."

त्यांनी ऐकलं. हे मी पुढे पुष्कळदा आठवलं आहे.

शहापूर

ज्या ऑफिसने हे काम दिलं होतं त्याचे साहेब शहापूरच्या विश्रामगृहावर मुक्कामाला होते. पहिल्या चाचणीचे तक्ते त्यांच्याकडे द्यायचे, असा हुकूम होता. मी तक्ते आणि वह्या दोन्ही घेऊन गेले. तक्ते रद्द करून घ्यायचे हे मनाशी पक्कं होतं.

तो बाजारचा दिवस होता. रस्त्यावर सुकी मासळी, गवताचे भारे, बांगड्या. आत, पडवीत, वेताच्या खुर्चीवर साहेब. पन्नाशीचे, शांत, माझ्यासाठी स्वतः उठून खुर्ची ओढणारे. त्यांनी दोन्ही वह्या वरवर चाळल्या नाहीत, वाचल्या. तासभर वाचल्या. मधे चहा मागवला. मला वाटलं, जिंकले.

"बाई, काम फार सुंदर आहे," ते म्हणाले. "आता एक सांगा. चौथीच्या परीक्षेत या मुलांना करांदे विचारणार आहेत का?"

"नाही. पण करांद्यापासून सुरुवात केली तर ती चौथीपर्यंत पोचतील. आत्ता पोचतच नाहीत."

"परीक्षा एकच राहणार. नोकरीच्या जागाही त्याच राहणार. यांना यांच्याच शब्दांत शिकवलं तर ती याच रानात राहतील." ते थांबले. "मी कुठून आलोय माहीत आहे? माझे वडील खाडीवर मीठ ओढायचे. मीपण घरी 'नाय' म्हणायचो. मास्तरांनी रूळ मारून मारून 'नाही' म्हणायला शिकवलं. म्हणून आज या खुर्चीत बसलोय."

"साहेब, तुमच्या वर्गात तुमच्या वस्तीतले आणखी किती होते?"

त्यांनी हातातली वही मिटली. बाहेर कोणी तरी बैलाला हाकलत होतं.

"बारा-तेरा असतील," ते म्हणाले. "मला आता नावं आठवत नाहीत."

मग त्यांनी तक्ते पुढे ओढले. "यांवर सही तुमचीच?"

"माझी. पण हे चुकीचे आहेत, मीच सांगतेय."

"चाचणी मंजूर आहे. तुम्हीच बसवलेली आहे. वह्या मी परिशिष्ट म्हणून जोडतो."

तक्ते कशासाठी हवे होते, ते त्यांनी तेव्हाच सांगितलं. ज्या वाड्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांपुढे 'मंद' असेल, त्यांची शाळा बंद करून ती खालच्या गावच्या शाळेला जोडायची होती. शिक्षक कमी होते, म्हणून. हे मला पुण्यात कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

तक्ते टेबलावर होते. माझा हात तिथून वीतभर लांब होता. उचलून घेऊन चालू लागले असते तर त्या शांत माणसाने काय केलं असतं? नोकरी गेली असती कदाचित. मी हात उचलला तो चहाचा कप खाली ठेवायला. नमस्कार करून बाहेर पडले.

वैशाखरे

मुरबाड तालुक्यातलं काम राहिलं होतं. किन्हवलीपर्यंत एस.टी., पुढे सरळगावला बैलगाडी, मग मुरबाडहून आलेली दुसरी एस.टी., आणि वैशाखऱ्याला उतरून कातकऱ्यांच्या वाडीवर पायी. समोर घाटाची भिंत इतकी सरळ उभी, की बघताना मान दुखते. इतका देखणा मुलूख मी पाहिला नाही आणि तो बघायचं मन माझ्याजवळ नव्हतं.

वाडी रिकामी होती. घरांच्या दारांना काटक्या लावलेल्या. सगळे कोळशाच्या भट्ट्यांवर गेले होते, दिवाळीनंतर, पोराबाळांसकट. एक म्हातारा मागे राहिला होता, पायाला जखम झाली म्हणून. मी पेटी खाली ठेवली आणि त्याच्याजवळ बसले. त्याने मला गुळाचा कोरा चहा करून दिला.

"पोरांची परीक्षा घ्यायला आले होते," मी सांगितलं.

"पोरं नायत," तो म्हणाला. "पाऊस लागला की येतील. तवा मास्तर नसतो, वढ्याला पानी असतं म्हून. मास्तर येतो तवा पोरं नसत्यात." त्याने विस्तवावरची राख झटकली. "ह्ये कुनी ठरिवलं गो बाय? तुला ठावं असंल."

मला ठाऊक नव्हतं. शाळेचं वर्ष दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याच्या सुट्टीभोवती बेतलेलं असतं, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते. ते कोणाच्या सोयीने बेतलं, याचा विचार मात्र त्या चुलीशी बसेपर्यंत मनात आला नव्हता.

मी ठरवलं, इथे कोणाला नापास करायचं नाही. तक्ते कोरे ठेवले, फक्त 'मुले स्थलांतरित' असं लिहून पाठवले. पुण्याला पोचल्यावर उत्तर आलं: कोऱ्या तक्त्यातलं मूल गैरहजर धरावं, आणि गैरहजर ते अनुत्तीर्ण.

पुन्हा खर्डी

मार्चमध्ये हरड गुरुजींचं कार्ड आलं. शाळा बंद झाली. हुकूम घेऊन आलेल्या माणसाने भिंत पाहिली आणि अहवालात तीही लिहिली. त्यांची बदली भिवंडीच्या बाजूला झाली होती. 'मुले खालच्या शाळेत जात नाहीत. तीन मैल आहे, व तेथील मुले हसतात. आपण प्रयत्न केलात.' एवढंच. माझ्यावर राग काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

वह्यांचं काय झालं ते विचारायला मी दोन पत्रं पाठवली. दुसऱ्याचं उत्तर आलं, की परिशिष्ट अभ्यासक्रमाबाहेरचं असल्याने परत करण्यात येत आहे. चाचणी मात्र पसंत पडली होती. आणखी तालुक्यांसाठी ती छापायला घेतली होती आणि पहिल्या पानावर माझं नाव घालायला परवानगी मागितली होती. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी पेढे वाटले. मी नकार लिहून पाठवला. नाव गाळून ती छापली गेली.

मेच्या सुट्टीत मी परत गेले. या खेपेला हातात फक्त पिशवी होती. खाचरांतून भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचे राब भाजले होते, जमीन काळी पडली होती, ओढा आटला होता. शाळेला कुलूप. बुधीच्या घरी तिचा म्हातारा सासरा होता. त्याने हाताने डोंगराकडे दाखवलं. कूप चालू होती.

चढून गेले तेव्हा कामावरची माणसं सुटत होती. तोडलेल्या सागांमधल्या मोकळ्या जागेत मुकादम एका खोक्यावर वही घेऊन बसला होता, समोर शाईची गादी, आणि बायकांची रांग. बुधीने मला ओळखलं. जवळ आली, माझ्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

"वाळलीस गो," ती म्हणाली.

"बुधी, शाळा माझ्यामुळे गेली," मी म्हटलं. हे वाक्य मी पुण्याहून घोकत आले होते. "तो कागद मी लिहिला होता."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग खोड ना," ती म्हणाली. "तूच लिवलास, तर तूच खोड."

"आता नाही खोडता येत."

तिला ते पटलं नाही, हे दिसत होतं. ज्याने लिहिलं त्याला खोडता का येऊ नये? पण ती वाद घालत बसली नाही. "मंग जाऊं दे," एवढं बोलून रांगेत आपल्या जागी गेली.

तिच्यामागे सोमी होती. सहा महिन्यांत उंच झाली होती, डोक्यावर चुंबळ, हाताला चीक लागून काळे पट्टे पडलेले. तिचं वय मुकादमाने विचारलं नसणार. मला बघून ती हसली, पण रांग सोडून आली नाही.

तिचा नंबर आला. मुकादमाने नाव पुकारलं, वहीत तिच्या नावापुढे बोट ठेवलं आणि शाईची गादी पुढे सरकवली.

"अहो, हिला सही येते," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढला असावा, बायका वळून बघायला लागल्या.

मुकादम भला माणूस दिसला. "येत असंल बाई," तो म्हणाला. "पन इथं सगळ्यांचे आंगठेच घेतो. दौत-टाक कुठं ठेवू मी रानात?"

मी पिशवीतून माझं पेन काढलं, टोपण काढून सोमीपुढे धरलं. तिने पेनाकडे पाहिलं, मग मागे वळून रांगेकडे पाहिलं. चाळीसएक बायका डोक्यावर मोळ्या घेऊन उभ्या होत्या, खाली अजून तासाभराची उतरण होती.

"नको बाई," ती हळूच म्हणाली. "येळ लागंल. त्यांच्या डोक्यावर वझं हाय."

तिने अंगठा गादीवर दाबला, वहीवर टेकवला, परकराला पुसला, आणि पुढच्या बाईला जागा करून दिली.